आजचा गिलावा आजच
(सिस्टाइन चॅपेलचे छत कसे रंगले?)



मे २०२५ मध्ये रोममधील एका छपरावरच्या धुराड्याकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते. ८ मे रोजी त्यातून पांढरा धूर निघाला आणि ख्रिस्तसभेला पोप लिओ चौदावे हे नवे परमगुरू लाभले. आपल्यापैकी अनेकांनी तो सोहळा दूरदर्शनवर पाहिला असेल. त्या धुराड्याखाली जे दालन आहे ते सिस्टाइन चॅपेल. कार्डिनल तेथे प्रार्थना करतात, मतदान करतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक चितारलेले छत असते. त्या छताविषयी हा पाठ आहे.

या छतावरील एक चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. परमेश्वराने पुढे केलेला हात, आदामाने उचललेला हात, आणि दोघांच्या बोटांमध्ये राहिलेले बोटभर अंतर. कॅलेंडरवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, जाहिरातींत, मोबाईलच्या कव्हरवर ते सर्वत्र दिसते. त्यासोबत एक गोष्टही सांगितली जाते. मायकेलअँजेलो नावाच्या थोर कलावंताने चार वर्षे उताणे पडून, एकट्याने, हे सारे छत रंगवले, अशी ती गोष्ट आहे. ऐकायला ती छान वाटते. पण खरी हकीकत तिच्याहून अधिक शिकवणारी आहे. आजच्या पाठात आपण ती क्रमाने पाहू.

१. हे चॅपेल कोणी बांधले?

पोप सिक्स्टस चौथे यांच्या कारकिर्दीत, १४७० च्या दशकात या चॅपेलचे बांधकाम सुरू झाले. त्यांच्याच नावावरून त्याला 'सिस्टाइन' म्हणतात. दालन सुमारे ४१ मीटर लांब, १३ मीटरहून थोडे अधिक रुंद आणि जवळजवळ २१ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्याकडील सहा-सात मजली इमारतीच्या उंचीवर ते कमानदार छत आहे. १५ ऑगस्ट १४८३ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, हे चॅपेल मारियामातेला समर्पित करण्यात आले.

त्यापूर्वीच बोत्तिचेल्ली, पेरुजिनो, घिर्लांदायो, रोसेल्ली अशा नामवंत चित्रकारांनी बाजूच्या भिंती रंगवल्या होत्या. एका बाजूला मोशेच्या जीवनातील प्रसंग आणि समोर प्रभू येशूच्या जीवनातील प्रसंग, अशी ती मांडणी होती. छत मात्र साधे होते. निळे आकाश आणि त्यात सोनेरी तारे, एवढेच.

१५०४ साली या छताला मोठी भेग पडली. जमीन खचल्याने इमारत हलली होती. इमारतीला आधार देऊन भेग बुजवण्यात आली. पण ताऱ्यांचे आकाश विद्रूप झाले. त्या वेळी पोप होते ज्युलियस दुसरे, म्हणजे सिक्स्टस चौथ्यांचे पुतणे. काकांच्या चॅपेलचे छत नव्याने रंगवावे असे त्यांनी ठरवले. थोडक्यात, या महान कलाकृतीची सुरुवात एका भेगेपासून झाली.

२. 'हे माझे काम नव्हे'

पोपमहोदयांनी हे काम मायकेलअँजेलोवर सोपवले. त्याचा जन्म ६ मार्च १४७५ चा. म्हणजे तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. मृत प्रभूला मांडीवर घेऊन बसलेल्या मारियामातेचे शिल्प, 'पिएता', त्याने आधीच घडवले होते. फ्लॉरेन्समधील दाविदाचा प्रचंड पुतळाही त्याचाच. त्याचे नाव झाले होते ते दगडाच्या कामासाठी. पोप ज्युलियस यांनीही त्याला प्रथम रोममध्ये बोलावले ते स्वतःच्या कबरीवरचे शिल्पकाम करण्यासाठी. ते काम थांबले, दोघांचे बिनसले, पुन्हा जुळले आणि हातात आले ते हे छत.

भिंतीवर रंगकाम त्याला अगदीच अपरिचित होते असे नाही. वयाच्या तेराव्या वर्षी तो घिर्लांदायो यांच्या कामशाळेत शिकाऊ म्हणून राहिला होता. या चॅपेलच्या भिंतींवर काम केलेले हेच ते घिर्लांदायो. परंतु एवढे मोठे भित्तिचित्र त्याने कधी पूर्ण केलेले नव्हते, आणि हे तर वाकलेल्या, उंच छतावरचे होते.

मे १५०८ मध्ये करार झाला. १० मे रोजी त्याने स्वतःच्या हाताने एक टिपण केले. छताच्या रंगकामासाठी ५०० डुकाट आगाऊ मिळाल्याची ती नोंद आहे. गंमत अशी, की रंगकामाचे पैसे घेतल्याच्या त्या नोंदीतही त्याने स्वतःचा उल्लेख 'शिल्पकार' असाच केला आहे. पुढे जानेवारी १५०९ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो कष्टी होऊन कळवतो, की काम अवघड आहे, ते आपल्या पेशातले नाही, आणि म्हणावे तसे पुढे सरकत नसल्यामुळे पोपकडे पैसे मागायलाही आपल्याला धीर होत नाही.

थोर माणसांविषयी आपली समजूत अशी असते, की त्यांना सर्व काही सहज जमते. या पत्रातला माणूस तसा नाही. मनाजोगते नसलेले काम त्याच्या वाट्याला आले आहे आणि ते नीट होत नाही याची त्याला लाज वाटते आहे.

३. परांची आणि उभे राहून काम

छतापर्यंत पोहोचायचे कसे, हा पहिला प्रश्न होता. पोपचे वास्तुशिल्पी ब्रामान्ते यांनी छताला भोके पाडून, दोरांनी लोंबकळणारी परांची सुचवली. मायकेलअँजेलोने ती नाकारली. काम संपल्यावर ती भोके बुजवायची कशी, असा त्याचा सवाल होता. त्याने स्वतःची परांची आखली. खिडक्यांच्या वरच्या बाजूला भिंतीत खाचा करून त्यांत आधार बसवले आणि त्यांवर पायऱ्यापायऱ्यांची लाकडी माची उभारली. त्यामुळे खाली जमिनीवर खांबांची गर्दी झाली नाही आणि चॅपेलमधील उपासना चालू राहू शकली.

या माचीवर तो उभा राहून काम करत असे, उताणा पडून नव्हे. आपल्या एका मित्राला पाठवलेल्या कवितेच्या कडेला त्याने स्वतःचे छोटे रेखाचित्र काढले आहे. त्यात तो ताठ उभा आहे, मान मागे टाकलेली आहे आणि हात वर छताला लागला आहे. या कामाने शरीराची कशी दशा झाली याची थट्टाच त्याने त्या कवितेत केली आहे. त्याचा चरित्रकार कोंदिवी सांगतो, की काम संपल्यावर बराच काळ त्याला खाली पाहून वाचता येत नसे. पत्र आले तर ते डोक्यावर धरून वाचावे लागे.

एकटेपणाची गोष्टही पुरती खरी नाही. पिएरो रोसेल्ली नावाच्या माणसाने जुना गिलावा खरवडून नवा पहिला थर चढवला. त्याला पैसे दिल्याच्या १५०८ च्या नोंदी आहेत. फ्लॉरेन्सहून फ्रांचेस्को ग्रानाच्ची, बुज्यार्दिनी आदी चित्रकार मदतीला आले. रंग वाटणारे, चुना कालवणारे, पाणी चढवणारे हात वेगळेच. आराखडा, कल्पना आणि मुख्य आकृती मायकेलअँजेलोच्या, यात शंका नाही. पण माचीवर तो एकटा नव्हता.

४. ओल्या गिलाव्याची शिस्त

आता या पाठाच्या गाभ्याकडे येऊ. या चित्रप्रकाराला इटालियन भाषेत 'फ्रेस्को' म्हणतात. त्याचा अर्थ 'ताजे'. ताज्या, ओल्या गिलाव्यावर हे चित्र काढावे लागते.

अजिंठ्याची चित्रे पाहिलेल्यांच्या मनात प्रश्न येईल, की ती याच प्रकारची का? नाही. अजिंठ्याला मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. रंग तेथे पृष्ठभागाला चिकटून बसतो. फ्रेस्कोत चिकट द्रव्य लागतच नाही. केवळ पाण्यात कालवलेला रंग ओल्या चुन्यात मुरतो. चुना सुकताना हवेतील कर्बवायू शोषून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड बनतो. रंगाचे कण त्या दगडात अडकून पडतात. म्हणून फ्रेस्को हा भिंतीवरचा लेप राहत नाही. ती भिंतच रंगीत होते.

यात एक मोठी अडचण आहे. गिलावा ओला असतो तो काही तासच. म्हणून आज जेवढे रंगवून होईल तेवढ्याच भागावर सकाळी बारीक गिलावा चढवायचा. दिवसभरात तो भाग पुरा करायचा. संध्याकाळी उरलेला कोरा गिलावा कडेने तिरपा कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या कडेला लागून नवा गिलावा लावायचा. अशा एका दिवसाच्या तुकड्याला इटालियन कारागीर 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे 'दिवसाचे काम'. आपल्या गवंड्यांच्या भाषेत सांगायचे तर एक रोज.

सकाळी गिलावा चढला, की त्यावर आकृती उतरवायची. त्यासाठी मूळ आकाराचा आराखडा आधीच मोठ्या कागदावर तयार असे. रेषांवर टाचणीने भोके पाडून, कागद गिलाव्यावर धरून, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची. भुकटी भोकांतून जाते आणि ठिपक्यांची रेषा उमटते. आपल्या घरच्या स्त्रिया भरतकामाचा छाप कापडावर उतरवतात तो याच पद्धतीने; तेथे कोळशाऐवजी नीळ असते, एवढेच. पुढे हात बसल्यावर मायकेलअँजेलोने पुष्कळ ठिकाणी हा वेळखाऊ प्रकार सोडला आणि कागदावरून टोकदार हत्याराने थेट ओल्या गिलाव्यात रेषा कोरल्या.

चूक झाली तर? ओल्यावर थोडे सावरता येते. एकदा सुकले, की तो तुकडा छिन्नीने खरवडून काढायचा आणि नव्या गिलाव्यावर पहिल्यापासून सुरुवात करायची. उद्या पाहू, असे म्हणण्याची सोय या कामात नाही. आणि उद्याचा गिलावा आजच लावून ठेवण्याचीही सोय नाही. तो उद्यापर्यंत कोरडा होऊन वाया जाईल.

या तुकड्यांच्या कडा आजही जवळून दिसतात. त्या मोजून अभ्यासकांनी कोणत्या चित्राला किती दिवस लागले हे काढले आहे. जलप्रलयाच्या चित्राला २९ दिवसांचे तुकडे आहेत. आदामाच्या निर्मितीला १६. आणि प्रकाश व अंधार वेगळे करणारा परमेश्वर एकाच दिवसात रंगवला आहे. सुरुवातीला चाचपडणारा हात शेवटी इतका सराईत झाला होता.

५. बुरशीचा दिवस

पण ही सफाई येण्याआधी एक वाईट दिवस आला. काम प्रवेशद्वाराच्या बाजूने सुरू झाले होते. जलप्रलयाचे चित्र सुरुवातीच्या चित्रांपैकी. ते बरेचसे होत आले आणि त्यावर पांढरट बुरशी दिसू लागली. आकृती नीट दिसेनात. कोंदिवी लिहितो, की मायकेलअँजेलो थेट पोपकडे गेला. ही माझी कला नव्हे हे मी आधीच सांगितले होते, आता सारे वाया गेले, असे म्हणून त्याने काम सोडण्याची परवानगी मागितली.

पोप ज्युलियस रागीट म्हणून प्रसिद्ध होते. या वेळी मात्र त्यांनी रागावण्याऐवजी एका जाणत्या माणसाला पाठवले. जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुशिल्प्याने छत पाहिले आणि दोष ओळखला. चुन्यात पाणी जास्त झाले होते. रोममध्ये गिलाव्यासाठी चुन्यात ज्वालामुखीची राख घालत. फ्लॉरेन्सच्या माणसांना त्या मिश्रणाची सवय नव्हती. सांगाल्लोने उपाय सांगितला आणि काम पुन्हा सुरू झाले.

प्रतिभा कमी पडली म्हणून हे संकट आले नव्हते. पाण्याचे प्रमाण चुकले होते. आपल्याही कामात असेच घडते. एखादी जबाबदारी फसली, की आपण लगेच म्हणतो, हे आपल्याला जमणारच नाही. पुष्कळदा एखादा अनुभवी माणूस बोलावून, दोष नेमका कोठे आहे हे विचारण्याचीच गरज असते.

६. अर्ध्यावर पडदा निघाला

मूळ योजना होती बारा प्रेषितांची चित्रे काढण्याची. हे फारच दरिद्री दिसेल, असे मायकेलअँजेलोने पोपना सांगितले. का, असे विचारल्यावर, प्रेषितही दरिद्रीच होते, असे त्याने उत्तर दिल्याचे पुढे स्वतःच एका पत्रात लिहिले आहे. मग योजना वाढली. आज छतावर तीनशेहून अधिक आकृती आहेत.

१५१० च्या शरद ऋतूपर्यंत निम्मे काम झाले. त्या वेळी पोप युद्धासाठी बोलोन्याकडे गेले होते. पैसे थांबले, काम थांबले. अखेर परांची काढून १४-१५ ऑगस्ट १५११ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, झालेले अर्धे छत खुले करण्यात आले.

आतापर्यंत चित्रकाराने आपले काम हाताच्या अंतरावरून पाहिले होते. आता ते वीस मीटर खालून, उपासकाच्या जागेवरून पाहता आले. जलप्रलयात माणसांची गर्दी आहे, आकृती लहान आहेत. खालून त्या नीट कळत नाहीत. वेदीकडे सरकताना आकृती मोठ्या आणि थोड्या होत जातात, आणि उत्तरार्धात परमेश्वर तर झेपावत येतो. आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्या जागी जाऊन ते पाहणे किती आवश्यक आहे, हे या छताची दोन टोके शेजारी ठेवून पाहिली की समजते.

काम संपत आल्यावर पोपना वाटले, की रिवाजाप्रमाणे थोडी सोनेरी झळाळी हवी. त्यावरही चित्रकाराने उत्तर दिले, की वर चितारलेली माणसे पवित्र होती, त्यांना संपत्तीची हाव नव्हती. सोने लागले नाही. ३१ ऑक्टोबर १५१२ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, सारे छत खुले झाले. त्या सुमारास वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने चॅपेल पूर्ण झाल्याची आणि पोप संतुष्ट असल्याची बातमी अगदी साध्या शब्दांत दिली. लगेच आपल्या इतर कामांविषयीची निराशाही कळवली. पोप ज्युलियस त्यानंतर चार महिनेसुद्धा जगले नाहीत. फेब्रुवारी १५१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

७. छत कसे वाचावे?

मधोमध उत्पत्तीच्या पुस्तकातील नऊ चित्रे आहेत. वेदीकडून दाराकडे वाचत जावे. पहिली तीन विश्वाच्या निर्मितीची. नंतरची तीन आदाम आणि एवा यांची, निर्मितीपासून पतनापर्यंत. शेवटची तीन नोहाची. म्हणजे चित्रकाराने शेवटापासून आरंभाकडे रंगवत नेले. नोहाच्या द्राक्षारसाच्या धुंदीपासून तो निघाला आणि प्रकाशाच्या निर्मितीपाशी पोहोचला.

या चित्रांच्या दोन्ही बाजूंना आणि टोकांना सात संदेष्टे आणि पाच 'सिबिल' बसल्या आहेत. सिबिल म्हणजे यहुदी नसलेल्या प्राचीन जगातील भविष्यवादिनी. तारणाची आस साऱ्या मानवजातीला होती, हे त्यातून सुचवले आहे. चार कोपऱ्यांत देवाच्या प्रजेच्या सुटकेचे चार प्रसंग आहेत: दावीद आणि गल्याथ, यहुदिथ आणि होलोफर्नेस, हामानाची शिक्षा आणि मोशेचा पितळी साप.

त्याखाली, खिडक्यांच्या वरच्या कमानींत, प्रभू येशूचे पूर्वज आहेत. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जी नावांची यादी आपण मिस्सामध्ये ऐकतो, आणि खरे सांगायचे तर कंटाळत ऐकतो, तीच ती नावे. मायकेलअँजेलोने त्यांना राजवस्त्रे चढवली नाहीत. एक आई बाळाला जवळ घेऊन बसली आहे, कोणी कापड कापते आहे, कोणी म्हातारा काठी टेकून आहे, कोणी नुसताच थकून बसला आहे. अशी ही घरगुती माणसे आहेत. ती काही करताना दिसत नाहीत. वाट पाहताना दिसतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एवढ्या मोठ्या छतावर प्रभू येशूच्या जीवनातला एकही प्रसंग नाही. सारे छत म्हणजे एक प्रतीक्षा आहे. प्रवेशद्वाराच्या वर जखऱ्या संदेष्टा आहे, ज्याने गाढवावर बसून येणाऱ्या राजाचे भाकीत केले. आणि दुसऱ्या टोकाला, नेमका वेदीच्या वर, योना बसला आहे. शेजारी त्याचा मासा आहे. तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेल्या योनाची खूण प्रभूने स्वतःच्या मृत्यूला आणि पुनरुत्थानाला लावली, हे आपल्याला शुभवर्तमानातून ठाऊक आहे. त्या योनाच्या खाली वेदी आहे आणि त्या वेदीवर मिस्साबलिदान होते. छत ज्याची वाट पाहते तो छतावर नसून खाली वेदीवर येतो. ही चित्रे उपासनेच्या जागी पाहायची आहेत, असे म्हणतात ते यासाठी.

वेदीमागच्या भिंतीवर ख्रिस्त दिसतो तो पुढे. मायकेलअँजेलो साठीला आल्यावर त्याच चॅपेलमध्ये परतला आणि १५३६ ते १५४१ या काळात त्याने 'अंतिम न्याय' रंगवला. त्यासाठी पूर्वजांच्या स्वतःच काढलेल्या दोन कमानी त्याला पुसाव्या लागल्या. हे चित्र खुले झाले तो दिवसही ३१ ऑक्टोबरच होता; छतानंतर बरोबर २९ वर्षांनी.

८. काजळी आणि स्वच्छता

पुढची साडेचार शतके मेणबत्त्यांचा धूर, धूळ आणि जुन्या दुरुस्तीवाल्यांनी फासलेला सरस यांनी छत काळवंडले. १७९७ मध्ये सांत आंजेलो किल्ल्यातील दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, तेव्हा जलप्रलयाच्या चित्रातील आकाशाचा एक तुकडा कोसळला. ती रिकामी जागा आजही दिसते.

१९८० मध्ये स्वच्छतेचे काम सुरू झाले. जपानच्या निप्पॉन दूरचित्रवाणीने खर्च उचलला आणि जानलुइजी कोलालुच्ची यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांनी हातभर हातभर भाग पुसून काढला. छत १९८९ पर्यंत आणि 'अंतिम न्याय' १९९४ पर्यंत स्वच्छ झाले. काजळीखालून गुलाबी, हिरवे, नारिंगी रंग झळकले. काही अभ्यासकांनी टीका केली, की गिलावा सुकल्यावर कलावंताने दिलेले शेवटचे हातही यात पुसले गेले. हा वाद पुरता मिटलेला नाही. ८ एप्रिल १९९४ रोजी संत जॉन पॉल दुसरे यांनी तेथे मिस्सा अर्पण करून 'अंतिम न्याया'च्या जीर्णोद्धाराची सांगता केली.

या कामातूनच आपल्याला दिवसांचे तुकडे, कोरलेल्या रेषा आणि सहाय्यकांचे हात नीट कळले. काजळी निघाली तेव्हा दंतकथाही थोडी निघाली आणि तिच्याखाली राबणारी माणसे दिसली.

९. आपल्यासाठी

प्रभूने आपल्याला रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करायला शिकवले. वर्षाच्या कोठारासाठी नव्हे. फ्रेस्कोचे काम करणाऱ्याला ही शिकवण हाताने कळते. चार वर्षांचे छत एकदम कोणालाच रंगवता येत नाही. सकाळी जेवढा गिलावा ओला आहे तेवढाच आपला. कालचा सुकून दगड झाला आहे, उद्याचा अजून कालवलेला नाही.

आजारी आईबापांची सेवा करणारे, मुलांना दर रविवारी धर्मशिक्षण देणारे, व्यसन सोडून एकेक दिवस काढणारे, तुटलेला संसार सांधणारे असे अनेकजण आपल्या धर्मग्रामात आहेत. 'हे माझे काम नव्हे' असे त्यांच्याही मनात कितीदा आले असेल. सारे छत एकदम डोळ्यांपुढे आणले तर कोणाचीही छाती दडपेल. अशा वेळी आजचा तुकडा पाहावा. तो मनापासून रंगवावा. कडा नीट कापावी आणि शांतपणे झोपावे. बुरशी आली तर जाणत्याला विचारावे. आपण ज्या जागी उभे आहोत तेथून आपल्याला छत पूर्ण दिसत नाही. माचीवरच्या त्या शिल्पकारालाही तीन वर्षे ते दिसले नव्हते.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :

१. 'हे माझे काम नव्हे' असे वाटत असूनही पार पाडलेली एखादी जबाबदारी कोणती? तेव्हा कोणाची मदत झाली?

२. आपल्या चर्चच्या इमारतीमागे राबलेल्या गवंडी, सुतार आणि रंगारी यांच्यापैकी कोणाची नावे आपल्याला ठाऊक आहेत? वडीलधाऱ्यांना विचारून ती लिहून ठेवता येतील का?

३. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय (१:१-१६) घरी मोठ्याने वाचा. त्या यादीतील एखादे नाव निवडून त्याची गोष्ट जुन्या करारात शोधा आणि मुलांना सांगा.